मासा काही घेत नाही

"भाऊजी, तुमचा मासा बरा झाला. हे गेले."

मंगलावहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होतो. एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसलो आणि पारोळ्याच्या आसपास माझ्या ध्यानात आलं, की वहिनींनी नुसती बातमी दिली नव्हती... दोष दिला होता. वहिनींचा नवरा, माझा मित्र भास्कर, जाऊन आता काही आठवडे झाले. त्याच्यावर लिहायचं ठरवून बसलो की ते वाक्य आडवं यायचं.

भास्कर पाचोऱ्याकडचा, मी नशिराबादचा. जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला आम्ही एका बाकावर बसलो. दोघांच्याही घरात आमच्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट आम्ही लपवत नव्हतो, चांगली मिरवत होतो. निकाल लागला त्या दिवशी मी त्याच्या गावी गेलो होतो. अंगणात शिरताच भास्करनं वडिलांना छाती काढून सांगितलं, "आबा, मी बीएस्सी व्हयनू!" आबा गोठ्यातूनच म्हणाले, "बरं शे. मंग आते म्हैसले काय व्हयनं ते सांग." ती म्हैस दोन दिवस चारा खात नव्हती. भास्करला काही सांगता आलं नाही, आणि पुढं आयुष्यभर हा किस्सा त्यानं स्वतःच सगळ्यांना हसत सांगितला. मला मात्र वाटतं, माशांचं वेड त्याला तिथूनच लागलं. विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे, हे त्यानं मनावर घेतलं.

धुळ्यात त्याला एका कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, आणि बैठकीत काचेची टाकी आली. हळूहळू ओळखीपाळखीत ज्याच्या माशावर काही डाग, ठिपका दिसेल तो भास्करला बोलवायचा. मोबाइलवर फोटो पाठवला तर हा चिडायचा. "फोटोत सगळेच मासे गोरे दिसतात," म्हणायचा. घरी जायचा, टाकीचा दिवा बंद करायला लावायचा आणि बाजूनं टॉर्च धरून बघत बसायचा. मासा कसा पोहतो, अंग वाळूला घासतो का, पोहायचे पर मिटून बसतो का, हे सगळं आधी, ठिपका नंतर. पिंजलेल्या कापसासारखं दिसलं तर बुरशी, रव्याचे दाणे उडाल्यासारखं दिसलं तर पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, सोनेरी भुकटी दिसली तर तिसरंच काही. मी विज्ञान शिकवतो, पण एवढा वेळ गप्प बसून बघणं मला कधी जमलं नाही. "भो, तू परीक्षेला बसल्यासारखा बघतोस. घाई कसली?" असं मला ऐकवायचा.

त्याचं भांडण एकाच गोष्टीशी होतं. आपल्याकडे मासा मेला की लोक म्हणतात, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. त्यामुळे आजारी माशाकडे कुणी बघतच नाही. मेला की हात जोडायचे आणि दुसरा आणायचा. एकदा मी सोबत असताना शेजारच्या काकूंनी त्यांच्या आजारी माशाबद्दल असंच म्हटलं. भास्कर म्हणाला, "काकू, तो काही घेत नाही हो. त्याचं त्यालाच जड झालंय."

"तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्याशी कोण बोलेल!"

"शिकलोय म्हणूनच सांगतो. खडेमीठ आहे का घरात? टाकीत टाकू."

मागच्या थंडीत त्याच्या यकृताचा आजार हाताबाहेर गेला. मोठ्या दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं. त्याचा पलंग बैठकीतच लावला होता, टाकीसमोर. आणि त्याच थंडीत त्याच्या केशरी गोल्डफिशवर ठिपके आले. मी रविवारी गेलो, तर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊजी, त्या माशाला हात लावू नका. त्याच्या अंगावर उतरतंय सगळं. काल ह्यांनी दोन घास जास्त खाल्ले." प्राणिशास्त्राची पदवी भिंतीवर लावणारा मी, पण त्या घटकेला मलाही वाटलं... उतरत असेल तर उतरू दे.

बाहेरून भास्करनं हाक मारली. "भो, काय दिसतं? कापूस का रवा?"

"रवा. परांवरही आहे."

"घासतो?"

"घासतो."

"मग मीठ टाक. हीटर हळूहळू वाढव. ठिपके दिसेनासे झाले तरी थांबू नको, रोगाचा जंतू खाली वाळूत उतरलेला असतो..." त्याला धाप लागली. दारातून वहिनी म्हणाल्या, "राहू द्या ना हो. एक मासा तर आहे."

त्यानं मान त्यांच्याकडे वळवली. "मंगला, माझं दुखणं माझ्याकडंच राहू दे. त्याच्यावर कशाला?" मग मला म्हणाला, "तू टाक. तिच्या हातानं नको."

मी टाकलं. दर रविवारी जाऊन पाणीही मीच बदललं. मासा बरा होत गेला आणि भास्कर खचत गेला. दहाव्याला वहिनी सगळ्यांशी बोलल्या, माझ्याशी नाही.

परवा, उन्हं तापायला लागल्यावर, त्यांचा फोन आला. "पुन्हा ठिपके आलेत. येता का?" मी गेलो. दिवा बंद केला आणि गप्प बसून बघितलं, घाई न करता. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर होते, ओळीत, टपोरे. अंग साफ. मासा टाकीभर हुंदडत होता.

"वहिनी, हा आजार नाही. नर आहे, वयात आलाय. तेव्हा असे दाणे येतात."

"मेला!" त्या ओठांतल्या ओठांत हसल्या, आणि लगेच त्यांचे डोळे भरले. "म्हणजे ठिपके त्याचे त्यालाच येतात. मग त्यानं... तेव्हासुद्धा काही घेतलं नव्हतं?"

"नाही."

"मिठानं ह्यांचं काही बिघडलं..."

"काही नाही, वहिनी. मीठ मी टाकलं होतं."

तेव्हा मला उमगलं, तिच्या हातानं नको असं भास्कर का म्हणाला होता. कुणाला तरी बोल लावल्याशिवाय तिचे हे दिवस निघणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. आणि तो बोल तिनं स्वतःला लावू नये एवढीच सोय त्यानं केली होती. मित्र म्हणून त्यानं माझ्याकडून घेतलेलं हे शेवटचं काम.

वहिनी पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "जेवून जा." मी आत हात धुवायला गेलो. परत आलो तर पलंग हलवलेल्या रिकाम्या जागेत त्या जमिनीवरच बसल्या होत्या, भास्करचं डोकं असायचं तिथं, आणि तिथून टाकी कशी दिसते ते बघत होत्या.