शेवंताच्या तोबऱ्यातले हरभरे

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. रस्ता संपतो तिथून पुढच्या चौकीपर्यंत रेशन आणि रॉकेल खेचरांच्या पाठीवर जायचं. ते आम्ही न्यायचो. आमच्या ट्रेडचं नाव ड्रायव्हर. सुट्टीवर मुखेडला आलो की बाजारात लोक विचारायचे, "ट्रक कोणता देतात हो तुम्हाला?" मी म्हणायचो, "चार पायांचा. गवतावर चालतो."

माझ्या घरात कुणी 'पित्त झालंय' म्हटलं की मी आजही डाफरतो. सून म्हणते, मामांचं डोकं फिरलंय. फिरलंय खरं. अशोकमुळं फिरलं.

शिपाई अशोक हिमायतनगर तालुक्यातला. बाप लवकर गेला, मायनं दुसऱ्याच्या शेतात राबून शिकवला. सेक्शनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी नाईक, तो माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. चारचौघांत 'नाईकसाहेब', एकटा असला की 'जय भीम, दादा.' जेवायचा असा की ताट कधी रिकामं झालं ते कळायचं नाही. मी म्हणायचो, अरे चाव की लेका. तो म्हणायचा, "माय बी हेच म्हणते. बैलावानी गिळतो म्हणते."

त्याच्याकडं शेवंता नावाची खेचर होती. कागदोपत्री तिला नंबर होता, शेवंता हे नाव यानं ठेवलेलं. खुरावरचा नंबर विचारला तर हा अडखळायचा, पण तिला कोणत्या बाजूनं खाजवलेलं आवडतं ते बरोबर सांगायचा.

नवीन ड्रायव्हर आले की सुभेदार साहेब पहिला क्लास पोटाचा घ्यायचे. "बैलाच्या पोटाला चार कप्पे. तो आधी गिळतो, मग बसून रवंथ करतो. खेचराला रवंथ नाही. त्याचं पोट लहान, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं. आधी पाणी, मग दाणा. आणि लक्षात ठेवा, खेचराला उलटी होत नाही. जठराचं तोंड इतकं घट्ट असतं की आत गेलेलं वर येत नाही. अडकलं तर जनावर मरतं." मग आमच्याकडं बघून म्हणायचे, "माणसाचं बरं असतं. नको ते बाहेर टाकता येतं." आम्ही हसायचो.

त्या खेपेला आमचा खेचरांचा कॉलम मधल्या पडावावर थांबला होता. वरच्या चौकीचं रेशन संपत आलेलं आणि आभाळ भरून आलेलं. सकाळी मी खेचरांच्या ओळीत गेलो तर शेवंता खाली बसलेली. अशोक शेजारी खुशीत उभा.

"बसली बघा दादा. दमली होती. आता निवांत व्हईल."

आमच्या भागात बसलेला बैल बघितला की जिवाला बरं वाटतं. बसलाय म्हणजे पोट भरलंय, आता रवंथ करील. अशोकचं बालपण बैलांतच गेलेलं, क्लास ऐकला तरी डोळा गावाकडचाच होता. तेवढ्यात शेवंता लोळायला लागली. मान वळवून आपल्याच पोटाकडं बघायला लागली. मी ओरडलो, "अरे उठव तिला! कॉलिक आहे, पोट अडकलंय!"

सुभेदार साहेब धावत आले. त्यांनी तिच्या कुशीला कान लावला. निरोगी जनावराचं पोट सारखं गुरगुरत असतं. तिचं पोट गप्प होतं.

"दाणा बंद. चालवा. बसू देऊ नका."

अशोकनं दोर हातात घेतला तो सोडलाच नाही. बर्फातून वर, बर्फातून खाली. मी म्हटलं, दे इकडं, तो म्हणाला, नको. मधेच तो एका दगडाआड गेला आणि ओकला. तोंड पुसून परत आला.

"काय झालं रे?"

"काय न्हाई. पित्त हाय. कालपासून डोकं दुखायलंय. पडलं आता, मोकळं वाटंल."

सुभेदार साहेबांनी लांबून विचारलं, "तबियत?"

"ठीक, साहेब. थोडा पित्त."

लेक्चरमध्ये आम्हाला सांगितलेलं होतं. उंचीवर डोकं दुखलं आणि उलटी झाली तर लगेच रिपोर्ट करायचं. अशोकनं ते ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. पण आमच्याकडं डोकं दुखून उलटी झाली की ते पित्तच असतं. दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातच येत नाही. शिवाय रिपोर्ट केलं असतं तर त्याला खाली पाठवलं असतं आणि शेवंता दुसऱ्याच्या हाती गेली असती. ते त्याला नको होतं.

दुपारी शेवंतानं शेपूट उचललं आणि लीद टाकली. काय सांगू, आम्ही सगळे बारके पोरं झालो. लीद बघून टाळ्या वाजवणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील. अशोकनं तिच्या कुशीला कान लावला आणि हसला. "बोलायलंय दादा, पोट बोलायलंय."

मी त्याला म्हटलं, आता तू काहीतरी खा. सकाळपासून पोटात काही राहिलं नाही. पोळी बघितली की तो तोंड फिरवायचा. शेवंताचा तोबरा तसाच टांगलेला होता, भिजवलेल्या हरभऱ्यांचा. तिला अजून बंदी होती. अशोकनं त्यातले मूठभर घेतले आणि एकेक करून खाऊ लागला. पहिल्यांदाच मी त्याला इतकं सावकाश चावताना बघितलं.

"गावाकडच्यासारखे लागतात," तो म्हणाला. "पोटात राहायलेत बघा."

मग तो उठला आणि तिरका चालला. मला वाटलं, पाय घसरला. पुन्हा तिरकाच. मी वायरलेस सेटवर खालच्या मेडिकलला कॉल दिला.

"डोकं दुखतं?"

"हो."

"उलटी?"

"झाली."

"सरळ रेषेत चालवून बघा."

मी त्याला म्हटलं, अशोक, इकडं ये माझ्याकडं. चार पावलांचं अंतर होतं. तो मधेच बसला.

"ताबडतोब खाली आणा. थांबू नका. ओव्हर."

आम्ही स्ट्रेचर उचललं. वाटेत बर्फ सुरू झालं. आधी तो मायशी बोलत होता, मग शेवंताला हाका मारत होता, मग गप्प झाला. मेडिकलचे लोक ऑक्सिजन घेऊन अर्ध्या वाटेवर आले. तोवर उशीर झाला होता.

डॉक्टरसाहेबांनी नंतर मला समजावून सांगितलं. दुखणं पोटात नव्हतंच. मेंदूला सूज आली होती. उलटी पोटातून येते, पण करायला लावतं डोकं. शेवंताला उलटी होत नव्हती म्हणून आम्ही दिवसभर तिच्यामागं पळालो. याला झाली, तर मोकळं झालं म्हणालो. तेव्हापासून 'पित्त' या शब्दाचा मला राग येतो.

त्याच्या शवपेटीबरोबर मला पाठवलं. नांदेडहून हिमायतनगरच्या रस्त्याला लागलो तेव्हा मला फक्त त्याच्या मायची भीती होती. गावात तरणी पोरं घोषणा देत होती, पुढारी हार घेऊन उभे होते. माय रडली नाही. सगळं उरकल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"बाबा, खरं सांग. माझं लेकरू उपाशी गेलं का?"

"न्हाई माय. हरभरे खाल्ले होते. भिजवलेले."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"चावून खाल्ले का?"

"हाव, माय. एकेक चावून खाल्ला. मी समोर होतो."

तेव्हा ती रडली.

शेवंता पुढच्या मोसमात पुन्हा चौकीवर गेली. मी निवृत्त होऊन मुखेडला आलो. दरवर्षी अशोक गेला त्या दिवशी एसटीनं त्याच्या गावी जातो. बुद्धवंदना होते, त्याच्या फोटोला फुलं वाहतात. लोक अशा वेळी खीर करतात. माय भिजवलेले हरभरे वाटते. पोरांच्या हातावर मूठ मूठ ठेवते आणि प्रत्येकाला दम देते, "चावून खा रे."

मलाही देते. माझ्या दाढा आता हलायल्यात, हरभरा काही फुटत नाही. तरी मी एकेक दाणा चावतो. माझी मूठ रिकामी होईपर्यंत ती समोरून हलत नाही.