फराळाच्या टेबलावरची युती

त्या ऑक्टोबरात आमच्या लॉनवर लाल पक्षाच्या प्रचाराची पाटी होती आणि तीन घरं सोडून भाऊजींच्या लॉनवर निळ्या पक्षाची. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे पुण्याच्या कॉलेजपासूनचे मित्र. दोघं एकाच वर्षी कॅनडात आले, वॉटर्लूमध्ये एकाच गल्लीत घरं घेतली, एकमेकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून दिला. आणि फेडरल इलेक्शन लागल्यापासून एकमेकांकडे असे बघायला लागले की जणू बापजाद्यांपासूनचं वैर आहे. मी डेकेअरमध्ये काम करते. दिवसभर दोन-दोन वर्षांची पोरं एका ट्रकसाठी एकमेकांना चावतात, ते सोडवते. घरी येऊन पुन्हा तेच बघायचं म्हणजे डोकं उठायचं.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात नारंगी पक्षाच्या पुढाऱ्याने सांगून टाकलं, की कोणालाच बहुमत मिळालं नाही तर निळ्यांना रोखायला आम्ही लालांबरोबर सरकार बनवायला तयार आहोत. झालं! भाऊजी त्या संध्याकाळी आमच्या किचनमध्ये येऊन ओरडले, "ही चोरी आहे चोरी! मतं द्यायची एकाला आणि सरकार भलत्याचंच? लोकांनी काय मूर्ख म्हणून रांगा लावायच्या?" मला वाटलं, आमचे हे तरी खूश होतील. छे! ह्यांचा पारा त्यांच्याहून वर. "आमची मतं खायची आणि वर खुर्ची मागायची? त्यांच्या तालावर नाचण्यापेक्षा विरोधात बसलेलं बरं." म्हणजे सरकार यांच्याच पक्षाचं होणार, तरी तोंड कडू. मी चहात साखर जास्तच घातली, तर दोघांनी मिळून चहाला नावं ठेवली.

सगळ्या गोतावळ्यात त्या बातमीने एकच माणूस सुखावलं, ते म्हणजे माझी मैत्रीण. ती अमरावतीची, ट्रॅमच्या स्टॉपजवळच्या काँडोत एकटी राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नवरा नाही, मूल नाही, बाबा गेलेले. आहे ती एक आई, अमरावतीत तीन खोल्यांत एकटी. आईला हार्ट अटॅक येऊन गेला होता, त्यामुळे व्हिजिटर म्हणून आणायचं तर इन्शुरन्सवाले हात वर करायचे. इथे कायमचं आणलं तरच उपचार मिळणार. आणि आईवडिलांना स्पॉन्सर करायला दरवर्षी ठरावीक अर्ज घ्यायचे. आधी लॉटरी होती, तिच्यात हिचं नाव लागलं नाही. मग जो आधी फॉर्म भरेल त्याचा नंबर अशी पद्धत आली, तेव्हा ही सकाळपासून लॅपटॉपवर बोटं ठेवून बसली होती. पान उघडेपर्यंत कोटा संपला. त्या दिवशी ती माझ्या डेकेअरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लहान पोरीसारखी रडली.

नारंगीवाले म्हणत होते, हा कोटाच काढून टाकू. एवढंच तिला हवं होतं. बाकी त्यांचं धोरण काय, तेलाच्या पाइपलाइनचं काय, तिला काही देणंघेणं नव्हतं. "ताई, एकत्र आले तर ही अट घालतीलच ना ते?" असं ती मला रोज विचारायची, जसं काही मीच ऑटवात बसून वाटाघाटी करत होते. तिकडे काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, अमरावतीच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात बसून लोकरीची कानटोपी विणली. व्हिडिओवर घालून दाखवली. घामाने डबडबलेल्या, वर कानटोपी, आणि मला म्हणतात, "पुरेल ना गं एवढी तिकडच्या थंडीला?" मी हसता हसता रडले.

आता योगायोग बघा, इकडे मतदान झालं त्याच दिवशी महाराष्ट्रातही विधानसभेचं मतदान होतं. त्यामुळे आमच्या घरात टीव्हीवर ऑटवा आणि लॅपटॉपवर मुंबई. तिकडचेही दोघांचे पक्ष वेगळेच. इकडे लाल पहिले आले, पण बहुमत नाही. भाऊजी म्हणत होते, "मतं आमची जास्त आणि सीटा तुमच्या, हे काय गौडबंगाल?" हे म्हणत होते, "बेरीज लागते बेरीज! सभागृहात ज्याची बेरीज जमते त्याचं सरकार. तुम्हाला लोकशाही कळत नाही." लाल पुढाऱ्याने दोन दिवसांत जाहीरही केलं की आम्ही कोणाशी युती करणार नाही. पण भाऊजींचा विश्वास बसेल तर शप्पथ. "वरून नाही म्हणतात, आतून सगळं ठरलंय." आणि मैत्रीणही तेच म्हणायची, फक्त हात जोडून. युती नाही तर नाही, पण नारंगीच्या मतांशिवाय बिल पास होणार नाही, म्हणजे काहीतरी द्यावंच लागेल, असं तिचं गणित होतं.

मग आली दिवाळी. शनिवारी रात्रीचं जेवण भाऊजींकडे, सगळ्यांनी एकदोन पदार्थ करून आणायचे. आम्ही मंडळी एरवी वाक्यात चार शब्द इंग्रजी घातल्याशिवाय बोलत नाही, पोरं तर बेसमेंटमध्ये इंग्रजीतच भांडत होती. पण राजकारण निघालं की सगळ्यांना शुद्ध मराठी आठवते. आपण जेवायला बसतो तेव्हा तिकडे पहाट असते, आणि त्या दिवशी तिकडे अभ्यंगस्नानाची पहाट होती. मैत्रिणीने काकूंना व्हिडिओ लावला आणि फोन फराळाच्या टेबलावर चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवला. काकू न्हाऊन आलेल्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला, मागे पणती. एकेक पदार्थ बघून मार्क देत होत्या. "शंकरपाळे कोणी केलेत गं? जाड झालेत." मी केलेले. मैत्रीण त्यांना म्हणाली, "आई, थांब हं, पुऱ्या संपल्यात, तळून आलेच," आणि किचनमध्ये गेली. फोन तिथेच राहिला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाऊजींचं सुरूच होतं. हातात चकली आणि आवाज चढलेला. "या नारंगीवाल्यांची पहिली अट काय असणार माहितीये? म्हाताऱ्यांचा कोटा उठवा! म्हणजे उद्या जो तो आपले म्हातारे आणून इथे टाकणार. आयुष्यभर टॅक्स भरायचा तिकडे आणि मरायला यायचं इकडे! आधीच हॉस्पिटलात नंबर लागत नाही आपला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. गेला महिनाभर भाऊजींनी आज शनिवार म्हटलं तरी हे "नाही, रविवार आहे" म्हणून भांडले असते. आता तरी भांडतील. हे शांतपणे लाडू फोडत म्हणाले, "नाही रे, तेवढं आमचेही होऊ देणार नाहीत. ओझं किती घ्यायचं याला लिमिट आहे." आणि दोघांनी मान डोलावली. अख्ख्या इलेक्शनमध्ये लाल आणि निळ्याचं जमलं ते एवढ्या एका गोष्टीवर, आणि तेही माझ्यासमोर, मी केलेल्या लाडवावर! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिसारी आली मला.

कारण सोफ्यावर भाऊजींच्या आई बसल्या होत्या, मांडीवर फराळाची बशी घेऊन. नियम सोपे होते तेव्हा भाऊजींनी त्यांना स्पॉन्सर करून आणलं, त्यांचे दोन्ही गुडघे इथेच बदलले. त्या मोठ्याने म्हणाल्या, "मग माझं तिकीट कधी काढतोस रे?" भाऊजी हसले. "आई, काहीतरीच काय! तुझं वेगळं."

भाऊजींच्या आईंनी बशी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. मी धावत फोनकडे गेले. काकू स्क्रीनवर होत्या, पंचा सुटून खांद्यावर आलेला, तसाच राहू दिलेला. मला बघून पटकन हसल्या. "ठेवते गं. दाराशी रांगोळी काढायचीये, उजाडेल आता." मैत्रीण गरम पुऱ्या घेऊन आली तेव्हा स्क्रीन काळी होती. तिला वाटलं वायफाय गेलं. मी तिच्या हातातलं ताट घेतलं, आणि घरी येताना रस्त्यात ह्यांना बोल बोल बोलले. हे म्हणाले, "अगं, मी पॉलिसीबद्दल बोलत होतो. तिच्या आईबद्दल थोडंच? तिचं वेगळं." ज्याला त्याला आपलं वेगळं! मी उरलेले लाडू दुसऱ्या दिवशी डेकेअरच्या स्टाफला वाटून टाकले, घरात एक ठेवला नाही.

नोव्हेंबर संपत आला, बर्फ पडला, आणि मुंबईत तीन पक्षांनी मिळून सरकार बनवलं. निवडणुकीआधीची मैत्री मोडून नवी मोट बांधली. शपथविधी तिकडे संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे सकाळ. भाऊजींचा फोन स्पीकरवर, खुशीत. "याला म्हणतात बेरीज! सभागृहात आकडा लागतो, आकडा!" आणि आमचे हे ऑफिसचा कॉल म्यूट करून टीव्हीसमोर लाल होऊन ओरडत होते, "चोरी आहे ही! मतं एकाला आणि सरकार भलत्याचं!" शब्दसुद्धा तेच, फक्त अदलाबदल केलेली. मी म्हटलं, "अहो, महिन्यापूर्वी हे भाऊजी म्हणत होते आणि तुम्ही त्यांना लोकशाही शिकवत होता." हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तिथलं वेगळं." किळस आली नुसती. मी फोन घेऊन बेसमेंटमध्ये गेले.

दोन दिवस आधी मैत्रीण येऊन सांगून गेली होती की आई आता यायचं नाहीच म्हणते, पुढच्या वेळी फॉर्म भरूच नको म्हणते, कारण विचारलं की विषय बदलते. "काय झालं तिला, मला काही कळत नाही, ताई," म्हणाली. तिला कळत नव्हतं, पण मला कळत होतं. म्हणून मी काकूंना फोन लावला.

"काकू, त्या दिवशी जे ऐकलंत ते मनावर घेऊ नका हो. गाढवं आहेत दोघं. त्यातलं एक माझंच आहे, म्हणून सांगते. तुमची लेक इकडे तीळ तीळ तुटतेय तुमच्यासाठी."

"तिला सांगू नकोस हं काही," त्या म्हणाल्या. "आणि गाढवं कसली? चांगले शिकलेले आहेत, आपल्यातलेच आहेत. कानटोपी उसवली मी. शेजारणीच्या नातवाला मोजे होतील तेवढ्या लोकरीत."

"काकू, अहो असं काय करता..."

"अगं, तिथल्या लोकांनी म्हटलं असतं ना, तर मी आले असते," त्या म्हणाल्या. "ते इंग्रजीत बोलले असते, मला एक अक्षर कळलं नसतं. हसून थँक यू म्हटलं असतं मी त्यांना."

वर हे अजून ओरडत होते.