कात्रीने दिलेली गोळी

आजींनी तोंड मिटून घेतलं.

मी त्यांच्यासमोर हात धुतले होते. स्ट्रिपवरचं नाव मोठ्याने वाचलं होतं. रक्तदाबाची गोळी छोट्या वाटीत काढून वाटी त्यांच्या ओठांशी नेली होती. गोळीला माझं बोटही लागलं नव्हतं. तरी आजींनी ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

मुलुंडच्या त्या घरातला माझा पहिला दिवस. आजींच्या सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांना मी वहिनी म्हणायचे. तासाभरापूर्वीच त्यांनी विचारलं होतं, "लांज्याची का तू? वा, आम्हीही कोकणातलेच. वाडी कुठली गं?"

मी सांगितलं होतं. बौद्धवाडी.

"अच्छा," म्हणाल्या होत्या. एवढंच.

आता त्या आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. सोबत एक स्टीलची वाटी. "वाईट वाटून घेऊ नकोस हं. आजी जुन्या वळणाच्या आहेत. तू स्ट्रिप कापून तुकडा ह्यात टाकत जा. गोळी मी काढून देईन. फक्त वाटीला हात लावू नकोस. वरून टाक."

मी कापली. वरून टाकली. वाटी वाजली.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. लांज्याच्या कॉलेजातून बी.ए., मग अंधेरीत सहा महिन्यांचा वैद्यकीय सहायकाचा कोर्स. घाटकोपरच्या टेकडीवर मावशीची एक खोली आहे, तिथे ती, काका आणि दोन मुलं राहतात. त्यात तिने मला जागा केली. मी सगळ्यांची ऋणी होते. वहिनींचीसुद्धा. त्यांनी काम दिलं, वेळेवर चहा दिला. चहाचा कप वेगळा होता, तो मला दिसत नाही असं मी ठरवून टाकलं.

कोर्सच्या मॅडम आमच्याकडून रोज म्हणवून घ्यायच्या. "जिने गोळी काढली, तिनेच द्यायची. गिळेपर्यंत समोर थांबायचं. मगच सही." स्ट्रिप दाखवून म्हणायच्या, "नाव कापून टाकलंत की हातात औषध राहत नाही, खडू राहतो."

मला सगळं पाठ होतं. तरी तीन महिने मी नाव नसलेले चौकोन कापले, वरून टाकले, आणि रोजच्या औषधांच्या तक्त्यात 'दिली' या रकान्यात सही केली. मी दिलेली नव्हती.

आजी मायाळू होत्या. हे लिहायला सगळ्यात जड जातं. मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. रोज माझ्याकडून पेपर वाचून घ्यायच्या. "वाच गं. तुझे उच्चार स्वच्छ आहेत. आमची सूनबाई वाचते ते भाजी चिरल्यासारखं."

"ऐकू येतंय हं मला!" वहिनी आतून ओरडायच्या. आम्ही तिघी हसायचो.

सकाळी मी त्यांची पाठ चोळायचे. ओली चादर बदलायचे. पाय चेपायचे. तिथे माझे हात चालत. नंतर अंघोळ होतीच. तोंडात जाईल त्याला मात्र नाही.

मावशीपुढे एकदा बोलता बोलता निघालं. ती चादर पिळत होती. थांबली.

"आणि तू कापतेस?"

"आजी चांगल्या आहेत गं."

"आजी कशी आहे ते नाही विचारलं. तू कापतेस?"

मी चादरीचं दुसरं टोक धरून पिळायला लागले.

मग ती संकष्टी आली. आजींना चंद्रोदयापर्यंत उपास. मधुमेहाची, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारी, साखरेची गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं होतं. पण आदल्या दिवशी आजी रात्री जेवल्या नव्हत्या, म्हणून त्या वेळची साखरेची गोळी राहिली होती. तिचा चौकोन वाटीत तसाच पडून होता. मला दिसत होता. सकाळी मी रक्तदाबाच्या गोळीचा चौकोन वरून टाकला. आता वाटीत दोन चौकोन. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, बारीक.

"वहिनी, त्यातली जुनी साखरेची आहे. ती देऊ नका. आज पोटात काही नाही."

"हो गं, कळलं." कानाशी फोन होता.

दोन बोटं वाटीत घालून तो चौकोन उचलायचा, इतकंच करायचं होतं. मी हात पुढे केला नाही. वाटीला हात लावायचा नव्हता ना.

थोड्या वेळाने वाटी रिकामी दिसली. "जुनी टाकलीत ना?"

"टाकली गं बाई."

मी सही केली.

अकराच्या सुमारास पेपर वाचताना आजींचं 'हूं' थांबलं. बघते तर कपाळ घामाने भिजलेलं, हात थरथरतायत, मला कुठल्याशा वेगळ्याच नावाने हाक मारतायत. बोटाला सुई टोचून साखर तपासली. अठ्ठेचाळीस, फारच खाली. डोळे मिटायला लागले होते.

"वहिनी, डॉक्टरांना बोलवा!"

"अगं, दोन्ही सारख्याच दिसत होत्या…" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. त्या दाराच्या आत पहिल्यांदाच. डबे उघडले, साखर सापडली. आजींना कुशीवर वळवलं. गिळता येत नव्हतं, म्हणून पाणी पाजलं नाही. ओली साखर दोन बोटांवर घेतली आणि त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. पुन्हा घेतली. पुन्हा चोळली. "आजी, इकडे बघा. आजी." त्यांनी तोंड मिटलं नाही. मिटायचं भानच नव्हतं.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. शिरेतून ग्लुकोज दिलं. हळूहळू आजींनी डोळे उघडले. मी रडत होते. आनंदाने, खरंच.

वहिनींनी सांगितलं, "हिने वाचवलं हो तुम्हाला. हिने साखर लावली तोंडात."

आजींनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग वहिनींकडे.

"सूनबाई, चूळ भरायला पाणी दे. थोडं गंगाजल घाल त्यात."

चूळ भरली. तस्तात थुंकल्या. मग मला म्हणाल्या, "मनात आणू नकोस हं पोरी. सवय असते."

सवय मलाही होती. तीच तर मला तेव्हा दिसली.

निघताना वहिनी तक्ता घेऊन आल्या. "नेहमीचंच लिही गं. उगाच विषय नको."

मी घडलं ते लिहिलं. कुठली गोळी चुकून गेली, कशामुळे, किती वाजता, साखर किती होती. खाली आणखी एक ओळ: आजवरच्या सह्या माझ्या, गोळ्या मी दिलेल्या नाहीत. आणि मला तिथे कामाला पाठवणाऱ्या एजन्सीला फोन करून तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कात्री पुढे केली. मी घेतली नाही. हात धुतले. नाव वाचलं. गोळी छोट्या वाटीत काढली आणि आजींच्या ओठांशी नेली.

"आजी, माझ्या हातून घ्या. नाहीतर मी देणार नाही."

आजींचे डोळे भरले. ओठ मिटलेलेच राहिले.

मी बराच वेळ थांबले. हात अवघडला. मग वहिनींना प्रत्येक स्ट्रिप नावासकट समजावली, कुठली उपाशीपोटी द्यायची नाही ते लिहून दिलं. एजन्सीकडून माझ्या जागी बदली बाई मागवली आणि ती येईपर्यंत बसले. पेपर वाचला नाही.

तक्त्यात लिहिलं: रुग्णाने गोळी नाकारली. पुढे 'कारण' असा रकाना असतो. तीन महिने तो मी कोरा ठेवला होता.

कारण: देणारीची जात.

खाली सही. ही सही माझी.

आता नव्या घरी गेले की पहिल्याच दिवशी सांगते. स्ट्रिप कापणार नाही. गोळी मीच देईन. कोणी तोंड मिटलं तर तेही लिहीन, आणि कारणाचा रकाना कोरा सोडणार नाही.