हारामागचा चेहरा

कवठे महांकाळच्या बसस्टँडसमोर लालासाहेबांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं हंगामापुरती, माणसं मात्र बारमाही मरतात. त्यामुळे धंदा चालतो तो हार घालायच्या फोटोंवर. इकडं माणूस जिवंतपणी फोटोला धड उभं राहत नाही. गेल्यावर मग कुठल्यातरी पंगतीतून त्याचा चेहरा उचलायचा, डोक्यावर फेटा चढवायचा, मागं निळं आभाळ टाकायचं. हे लालासाहेबांचं काम.

त्यांचा जुना कॉम्प्युटर भलताच आळशी. कपाळावरचा एक डाग पुसायला सांगितला तरी अडून बसायचा. तेवढ्यात बाकावर बसलेली मयताच्या घरची माणसं बोलू लागायची. "आवं, तंबाखूची गोळी कायम गालात असायची त्यांच्या. त्यो गाल फुगलेलाच ठिवा." लालासाहेब ठेवायचे. संध्याकाळपर्यंत मेलेल्या माणसाशी त्यांची चांगली ओळख झालेली असायची.

मग त्यांनी सांगलीहून नवा आणला, सोळा कोरचा. दुकानदारानं समजावलं, "आदी एकच गडी खुरपं घिऊन भांगलत हुता. आता सोळा गडी एकदम रानात उतरत्यात." ते खरंच होतं. अर्धा चेहरा दिला तर उरलेला अर्धा मशीन स्वतःच भरून काढायचं, तेही नातेवाईक बाकावर टेकायच्या आत. बोलायला कुणाला सवडच राहिली नाही. फोटो मात्र असे देखणे यायचे की लोक खूश आणि लालासाहेबही खूश.

त्यांची बायको शकुंतला गेली, तेव्हा दिव्याखालचा अंधार दिसला. तालुक्याचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एक धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर पुढं ओढायची. शेवटी भाचीच्या हळदीतला एक सापडला, त्यात ती गंभीर आणि अर्धी कुणाच्यातरी खांद्याआड. लालासाहेबांनी तो नव्या मशीनला दिला, हसू घालायला सांगितलं. डोळे पुसून वर बघतात तोवर शकुंतला समोर हसत होती. त्या दिवशी त्यांनी मशीनला मनापासून हात जोडले. एक फोटो भिंतीवर लावला, एक जतला सासूबाईंकडं धाडला.

वर्षश्राद्धाला सासूबाई अंबूबाई आल्या. जेवणं उरकल्यावर त्या लेकीच्या फोटोपुढं टेकल्या.

"लय देखणा केलाय, पावणं," त्या म्हणाल्या. "पर आमची शकू हसली की तिचा एक डोळा बारीक व्हायचा. हितं दोनी सारखंच हायती."

लालासाहेब मान डोलवायला गेले आणि तिथंच थबकले. ते हसू त्यांनी संसारभर पाहिलं होतं.

"कंचा, मामी? डावा का उजवा?"

अंबूबाईंनी जावयाकडं पाहिलं, मग फोटोकडं.

"ठावं हुतं की," त्या हळूच म्हणाल्या. "पर रोज उठून तुमी धाडलेला फोटूच बघती मी. आता हीच डोळ्यात बसलीया."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लालासाहेबांनी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला, धूळ पुसली आणि हळदीतला फोटो उघडला. हा अडेल, आणि अडला की ती आठवेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

कॉम्प्युटर शब्दाला जागला. पावलोपावली अडला. बाकावर कुणी नव्हतं. लालासाहेब डोळे मिटून तिला हाका मारत राहिले. चुलीपुढची शकुंतला आली, बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालणारी आली, गाडीवर मागं बसलेली आली. प्रत्येक जणी वळून हसली आणि प्रत्येकीचे दोन्ही डोळे सारखेच होते.

तरीही त्यांनी दिवसभर खपून अर्धा चेहरा हातानं पुरा केला, हसूही चढवलं. दिवेलागणीला फोटो छापून निघाला. भिंतीवरचा चौकटीतून काढून त्यांनी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पाणी प्यायला उठले.

परत येऊन बसले, तेव्हा त्यातला आपण हातानं केलेला कोणता, हे त्यांना ओळखता येईना.