कबरीतली यादी

आमच्या बिल्डिंगीत कुणी गेलं की मला बोलावतात. सौदीत कतीफजवळच्या प्लांटवर इतकी वर्षं काढली, त्यात एम्बसीचे कागद, पोलिसांचा शिक्का, इकामा म्हणजे राहायचा परवाना रद्द करणं, सगळं तोंडपाठ झालंय. कौतुक म्हणून सांगत नाही. मेलेल्या माणसाची कागदपत्रं करायला हुशारी थोडीच लागते!

शेजारच्या फ्लॅटमध्ये नाशिकचा एक इंजिनियर एकटाच राहायचा. एका शुक्रवारी सकाळी तो उठलाच नाही. बॉडी नाशिकला जायची आणि मागोमाग त्याचं सामान, एका खोक्यात. दुसऱ्या दिवशी मी दोन तासांत फ्लॅट रिकामा केला. घड्याळ, लॅपटॉप, चार बरे शर्ट खोक्यात घातले. स्वयंपाकघर बघून मात्र डोकंच फिरलं. मसाल्याच्या पुड्या, लोणच्याच्या तेलकट बरण्या, बिनदांड्याचा तवा, झाकणावरून दोरा बांधलेला एक जड स्टीलचा डबा. सगळं काळ्या पिशव्यांत कोंबलं. फॉर्मवर लिहिलं, 'किचनचं किरकोळ सामान, टाकून दिलं.' खलास.

मदतीला माझ्या शिफ्टमधला चिनी इंजिनियर आला होता. पिशव्यांकडे बघून म्हणाला, "हे कशाला टाकतोस? माणूस कुठला, ते यावरूनच कळतं." आणि सांगतच बसला. त्याच्या गावाबाहेर दोन हजार वर्षांहून जुन्या कबरी निघाल्यात. आत चिखलात टिकलेल्या टोपल्या, त्यांत बोरं, आलं, कमळाचे कंद. लाल-काळे लाखेचे प्याले. राखणीला लाकडाचा प्राणी, डोक्यावर खरी हरणाची शिंगं, जीभ छातीपर्यंत लोंबलेली. "राजे कोण होते ते पुस्तकात होतंच," तो म्हणाला. "पण आमच्याकडची माणसं काय खायची, कशाला भ्यायची, ते त्या चिखलानं सांगितलं." बरोबर बांबूच्या पट्ट्यांवर सामानाची यादीही असते म्हणे. यादीतल्या काही वस्तू कबरीत सापडतच नाहीत.

"चोरीला गेल्या असतील," मी म्हटलं.

"किंवा कुजल्या. किंवा ठेवल्याच नसतील. मागं राहिलेल्यांनी नुसत्या लिहिल्या असतील."

"बरं बाबा, यल्ला, पिशव्या उचल," म्हणून मी त्याला गप्प केलं. पिशव्या मीच कचरापेटीत टाकल्या.

तेरावं झाल्यावर नाशिकहून त्याच्या बायकोचा फोन आला.

"भावजी, खोकं मिळालं. पण यात हे कुठेच नाहीत हो. घड्याळ काय, कुणाचंही असतं." आणि हळूच म्हणाल्या, "एक विचारू? दोरा बांधलेला स्टीलचा डबा होता का तिथे? भाजणीचा?"

"होता," मी म्हटलं.

"लेकीच्या साखरपुड्याला आले नाहीत. मी रागाच्या भरात म्हटलं, आता माझ्याशी बोलूच नका. तर खरंच तीन आठवडे फोन नाही. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून एकांबरोबर भाजणी धाडली. बुधवारी पोचली त्यांना. शुक्रवारी हे असं. उघडला होता का हो डबा? एक थालीपीठ जरी केलं असेल, तरी राग गेला असं समजेन मी."

दोऱ्याची गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. घट्ट. डबा काठोकाठ भरलेला होता, माझ्या हातांना त्याचं वजन पक्कं आठवत होतं. वेळ झाला नसेल की मन झालं नसेल, देव जाणे. आणि मी तो उकिरड्यावर घातला होता. मी तोंडावर बोलणारा माणूस, खोटं बोलणाऱ्यांची मला चीड आहे.

"उघडला होता ना, वहिनी," मी म्हटलं. "गुरुवारी आमच्यापर्यंत वास आला होता थालीपिठाचा."

त्या किती तरी वेळ रडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथे काय काय होतं, ते लिहून पाठवाल? अगदी सगळं."

मी कागद घेऊन बसलो. लाज वाटत होती स्वतःची. मसाल्याच्या पुड्या. बरण्या तीन, एक लिंबाची. तवा, बिनदांड्याचा. आठवेल तेवढं एकेक लिहून काढलं. शेवटी लिहिलं, 'भाजणीचा डबा. दोन थालीपिठांपुरती कमी.'