मॅटची आंघोळ

खोलीत शिरले की मामा आधी चपला काढायचे, मग हाताचा पालथा पंजा कटिंगच्या हिरव्या मॅटवर ठेवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. "हिचं अंग गरम हाय आज," म्हणायचे आणि ओला फडका मागायचे. आमची विचारपूस त्यानंतर, तीही आठवलं तर.

शहरातल्या गारखेड्यात माझा गोधड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, शिवणाऱ्या चार बायका आणि कापणारे मामा. आमच्या गोधड्या तुकडे जोडून केलेल्या, त्यामुळे सगळं कापण्यावर. मॅटवर कापड पसरायचं, पट्टी दाबून धरायची आणि गोल पात्याचा कटर फिरवायचा. मॅट वाकडी झाली की चौकोन वाकडा, आणि चौकोन वाकडा गेला की अख्खी गोधडी रुसून बसते. मामा आधी वाळूजला गाड्यांच्या सीटची कव्हरं कापायचे. ते काम बंद पडलं आणि ते माझ्याकडे आले. स्वभाव तिरसट. मॅटवर कुणी चहाचा कप टेकवला तर दिवसभर त्या बाईशी बोलायचे नाहीत.

ही मॅट घ्यायला आम्ही दोघं गुलमंडीला गेलो होतो. मामांनी एकेक मॅट काउंटरवर आडवी टाकली, खाली बसून डोळा कडेला लावला, कोपरा वाकवून सोडला, वास घेतला, नख दाबून खूण भरून येते का ते बघत बसले. दुकानदार कंटाळला. "चाचा, मॅट लेरे की बहू पसंद कररे?"

"बायको न बघताच केली होती," मामा मला म्हणाले. "निदान हिला तरी नीट बघू द्या."

मामी गावाकडे असायच्या, लासूर स्टेशनच्या पलीकडे. घर धनगराचं. पाऊस दगा देऊ लागला तसे मामा कामाला शहरात आले, मामी मेंढरांपाशी राहिल्या. मामांनी आमच्यामागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली होती, नळाची. मामींनी इथं येऊन राहावं, एवढी एकच त्यांची इच्छा. ती त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती, की शिवणाऱ्या बायकांनी त्या खोलीचं नाव 'मामींचा बंगला' ठेवलं होतं.

त्या वर्षी तर पाण्यानं हद्दच केली. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही अर्धा तास. बाकी टँकर. तिकडे बीड बायपासच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीच्या पाटीवर चोवीस तास पाणी लिहिलेलं असायचं. आम्ही ती पाटी वाचून टँकरच्या रांगेत उभ्या राहायचो.

आणि तसल्यात शनिवारी मामा मॅटला आंघोळ घालायचे. पसरट ट्रेमध्ये बादलीभर गार पाणी, त्यात थोडं व्हिनेगर, चिमूटभर साबण. मऊ ब्रशनं कापडाचे तंतू काढायचे. "उन्हानं वाळती ती," म्हणायचे, "वाळली की वाकती." मी कुरकुरायची, पण त्यांचं खरं होतं. शेजारच्या शिंप्याची मॅट पत्र्याखाली पापडासारखी उचलली होती.

अशाच एका शनिवारी मामी आल्या. चारा संपला होता, म्हणून खोली तरी बघून जावी असं त्यांच्या मनात आलं होतं. मामांच्या चेहऱ्यावर लग्नातला नवरदेव. खोली नंतर, आधी माझं काम बघ, म्हणून त्यांना आमच्याकडे घेऊन आले. ट्रेमध्ये मॅट भिजत होती.

"ह्ये काय व्हय?" मामींनी विचारलं.

मामांनी कौतुकानं सगळं समजावलं. मामी ऐकत होत्या.

"किती पानी लागतं हिला?"

"लई नाय. बादलीभर."

मामी ट्रेकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "परवा कोकरू गेलं. तोंड उघडं टाकून."

चहा घेतला आणि खोली न बघताच त्या स्टेशनवर गेल्या. मामा मागोमाग गेले.

त्यानंतर मॅटला आंघोळ नाही. मामा नुसता फडका फिरवायचे. उन्हाळ्यात तिच्या कडा उठल्या, एका मोठ्या ऑर्डरचे चौकोन वाकडे निघाले आणि माल परत आला. मला राग आला होता, पण बोलायचं कुणाला? हा माणूस पहाटे टँकरच्या रांगेत दोन कॅन भरायचा आणि सुट्टीला पॅसेंजरनं गावी न्यायचा. मामी ते पाणी घ्यायला तयार नव्हत्या. तेव्हा मामांनी त्यांना सांगितलं, "खोलीच्या नळाचं हाय. दिवसभर येतं. नाय भरलं तर गटारात जातं." मग मामींनी घेतलं.

एकदा मामा भरलेले कॅन घेऊनच परत आले.

"विकली मेंढरं तिनं," म्हणाले. "गोदावरीकडच्या माणसाला."

"मग आता येतील की त्या इकडं!" आमच्यातली एक म्हणाली.

"ती बी गेली. मेंढरांच्या मागं." मामा उभेच होते. "नव्या मालकाच्या हाकेला येत नाय म्हणं मेंढरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोली सोडली. पैठणच्या बाजूला शोधतो म्हणाले. मी अडवलं नाही. मी अडवून ते थांबणार नव्हते. फोन पहिले काही दिवस लागला, मग बंदच.

त्यानंतर एका दुपारी दारात मामी उभ्या. डोक्यावर बोचकं, पाय धुळीनं माखलेले. मेंढरं नव्या माणसाला रुळली होती, म्हणून त्या मागं फिरल्या होत्या.

"आता काय राहिलं तिकडं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाते इथंच. कुठं गेलेत हे?"

तुम्हाला शोधायला, हे मी सांगितलं. त्या खाली बसल्या. मी तांब्याभर पाणी दिलं. अर्धं पिऊन त्यांनी तांब्या जपून बाजूला ठेवला.

"येतील," म्हणाल्या. "तवर खोलीत ऱ्हाते. नळ तर हायच."

खोली वाळूजच्या एका कामगाराला गेली होती, ते मी सांगून टाकलं. नळाचं मात्र तोंडातून निघेना. पण माझ्याकडे बघूनच त्यांना काहीतरी उमगलं असावं.

"दिवसभर येतं ना पानी?"

"आठवड्यातून एकदा, मामी. तुम्हाला दिलेलं टँकरचं होतं. रांगेत उभं राहून आणायचे."

मशिनी थांबल्या होत्या. मामींनी त्या अर्ध्या तांब्याकडे बघितलं.

"लबाड माणूस," शेवटी म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून तिथंच बसून राहिल्या.