नळाची चावी आणि ओल्या गोधड्या

नळाच्या चावीची ती चोरी मला अजून जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा गुलमंडीजवळच्या चौकीत महिला शिपाई होते. सकाळीच पाणी सोडणारा लाईनमन धावत आला. रस्त्याखालचा व्हॉल्व्ह फिरवायची त्याची पुरुषभर उंचीची लोखंडी चावी कुणीतरी पळवली होती. पाणी सोडून, चावी भिंतीला टेकवून तो चहाला गेला. परत येतो तर चावी नाही. आता पाणी बंद होईना. एका गल्लीत नळ धो धो वाहत होते आणि पुढच्या गल्लीतले लोक रिकाम्या घागरी घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर निघाले होते.

"दुसरी चावी नाही का?" फौजदारसाहेबांनी विचारलं.

"हाये ना साहेब, कपाटात. कपाटाची किल्ली मोठ्या साहेबाजवळ, अन् मोठे साहेब मुंबईला. संध्याकाळपर्यंत नाय सापडली तर मला घरी बसवतेत."

साहेबांनी तक्रार नोंदवून मला पाठवलं, कारण दिवसा गल्लीत बायाच असतात. वाटेत घागर घेतलेल्या एका बाईनं हळूच खबर दिली, "लग्नघर बघा, ताई."

लग्न नळ वाहत होते त्याच गल्लीतल्या खालांच्या मुलीचं होतं, चार दिवसांवर. खालांनी चहा दिला. चावीचं विचारलं तर म्हणाल्या, "मेरेकू क्या मालूम? आमी भांडे घासत होतो." शेजारच्या तिघीही भांडीच घासत होत्या. सगळ्यांचा जबाब सारखा आला की समजावं, आधी बैठक झालेली आहे.

मला फार बोलायला जमत नाही. चहा पीत मी अंगणाकडे बघत राहिले. ओली गोधडी इतकी जड की बांबूसुद्धा वाकतो. इथं एका दांडीवर चार ओल्या गोधड्या आणि दांडी सरळ.

"खाला, गोधड्या उलटवू लागते," म्हणत मी उठले.

"नक्को बेटी, रहने दे!" खाला आडव्या आल्या, मग स्वतःच हसू लागल्या. "पाहुणे यायलेत गं. हे पानीवाले लोक परसों बोलते, नरसों बी पानी नाय. म्हनलं, बंदच नाय होऊ द्यायचं."

"त्या लाईनमनची नोकरी जाईल, खाला."

त्यांचं हसू थांबलं. "हाय अल्ला, उसकी रोजी?" गोधड्या त्यांनीच ओढून काढल्या. दांडी म्हणजे ती चावीच होती. चौघींनी चावी उचलून त्याच्याकडे नेली. त्यानं आधी पाणी बंद केलं, मग डोळे पुसले. साहेबांनी डायरीत लिहिलं, 'चावी कपडे वाळत घालण्याच्या जागी मिळून आली.'

लग्नाच्या सकाळी, गल्लीची पाण्याची पाळी नसताना लाईनमन आला. "घ्या खाला, तुमीच उघडा." खालांनी जोर लावला, चावी हलेना. बाकीच्या तिघी धावल्या तेव्हा कुठं फिरली. नळातून आधी नुसती हवा आली. सगळे घागरी सरसावून उभे. मग पाणी आलं आणि पहिली घागर खालांनी पुढच्या गल्लीतल्या त्या खबर देणाऱ्या बाईला भरून दिली.

कचेरीनं कपाटाला कुलूप लावलं, खालांनी चावीवर गोधड्या टाकल्या. ऐन वेळी हाती काही राहणार नाही, ही भीती दोघांची एकच. पुढं नोकरीत कुठलीही चोरी आली की काय गेलं याच्या आधी मी विचारायची, चोरणाऱ्याच्या हातात काय राहिलं नव्हतं. आणि माझ्या घरी? नळ चालू असला तरी मोरीतला ड्रम भरल्याशिवाय मी आजही खाली बसत नाही.